गोजराच्या बांगड्या

कासाराच्या दुकानात बांगड्यांपेक्षा गोष्टीच जास्त साचतात. हात हातात घेतला की बाई बोलायला लागते. निजामाच्या राज्यात जिंतूरला आमचं दुकान होतं, आणि गल्लीतली गोजरा सारखी बांगड्या भरायला यायची.

एकदा तिचा नवरा किसन सोबत होता. तिचं मनगट काळंनिळं. मी विचारलं, "काय झालं गं?"

तोच म्हणाला, "माडीवरून पडली, मावशी."

किसनचं घर मी पाहिलेलं. कुडाचं. माडी सोडा, उंबरासुद्धा धड नव्हता!

*

पुढच्या खेपेला सासू आली. "सून लय धांदरट हाय. धुनं धुताना फोडती, भाकरी थापताना फोडती!"

मग किसन गंगाखेडला कामाला गेला. तो परत येईपर्यंत एक बांगडी फुटली नाही. मी सासूला म्हटलं, "लेक गावाला गेला की सून लय शहानी हुती जनू!"

तेव्हापासून सासूबाई दुसऱ्या कासाराकडे जायला लागल्या.

*

शेवटी मीच गोजराला घेऊन ठाण्यात गेले. अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, पान चघळत होते.

"मर गई क्या?"

"न्हाई सायेब, ही काय उभी हाय. पर नवरा रोज मारायलाय."

"तो फिर रिपोर्ट काहे का? मरे बाद आना!"

"मेल्यावर ही कशी येनार, सायेब?"

साहेबांनी पिचकारी टाकली. असल्या डोक्यांच्या हाती आमचे जीव होते!

*

परत येताना गोजरा म्हणाली, "मावशी, दोनी हात कोपरापस्तोर भरा."

मी चिडले. "अगं, हितं जीव चाललाय अन् तुला हौस सुचायलीय?"

"हौस न्हाई वो. फुटल्या की लय आवाज हुतो. कुनीतरी आयकल."

मला रडूच आलं. तिचे हात भरले आणि गल्लीतल्या बायांना कान उघडे ठेवायला सांगितलं.

*

त्याच आठवड्यात भर दुपारी खळ्ळकन आवाज झाला.

त्या काळी चुलीसाठी विस्तव शेजारून मागून आणायची रीत होती. एक बाई खापर घेऊन किसनच्या दारात उभी राहिली. "विस्तव द्या वो!" तिच्यामागं दुसरी. मग तिसरी. बघता बघता सगळी गल्ली दारात!

किसननं काठी उगारलेली. तो ओरडला, "समद्यांच्या चुली एकदमच इझल्या व्हय?"

सगळ्यांत पुढं म्हातारी सरूआजी होती. ती दारातच मांडी घालून बसली.

"व्हय बाबा. तू काठी खाली ठिवस्तोर न्हाई पेटायच्या!"