सासू घुमली नाही

सासऱ्याने माझ्यावर उगारलेलं वल्हं मध्ये पडलेल्या सासूच्या हातावर बसलं आणि हाड मोडल्याचा आवाज झाला. कालवण मी करपवलं होतं.

दर पुनवेला ऊद जाळला की सासूच्या अंगात देवी यायची. तेव्हा हाच सासरा तिच्या पायावर डोकं ठेवायचा. तो बाहेर गेल्यावर मी चिडले, "आये, केस सोडून नुसती घुमली असतीस, तरी पळाला असता तो!"

"मार चुकवायला खोटी घुमले, तर खरी येईल तेव्हा कोण मानेल गं?"

मला ती बावळट वाटली. आज इतक्या वर्षांनी माहुलच्या घरात माझ्या सुनेने ऊद जाळला आणि हाड मोडल्याचा तो आवाज पुन्हा ऐकू आला. तेव्हा मी सासूच्या मागे लपून उभी होते. तिचा हात मरेपर्यंत वाकडा राहिला. वल्हं माझ्यासाठी होतं, आणि मी धडधाकट आहे.