मोकळेपणानं चर्चा

टेबलावरच्या चहावर साय धरली होती. सुधीर, माझा नवरा, लेकीशी फोनवर बोलून बाल्कनीतून आत आला.

“काय म्हणाली?”

“काही नाही. मोकळेपणानं बोललो दोघं.”

मी चीनच्या परराष्ट्र धोरणावर संशोधन करते. तिकडच्या निवेदनात ‘मोकळेपणानं चर्चा झाली’ असं आलं, की कडाडून भांडण झालं आणि काहीच ठरलं नाही, असं समजायचं. वर्गात मी हे हसत हसत सांगते. सीमेवरचं सैन्य तिथेच राहतं, बर्फ पडतो, पुन्हा चर्चा होते. ती थांबवली तर भांडण कबूल करावं लागेल ना!

“दिवाळीला येतेय?”

सुधीरनं गार चहा उचलला. “संपर्कात राहू म्हणाली.”

हेही वाक्य माझ्या ओळखीचं. निवेदनात ते नेहमी शेवटी येतं.