नदीपार सोडलेली खार

मागच्या कार्तिकापासून आमच्या गल्लीत माझं फार कौतुक होतं, आणि ते सुरू झालं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजारीणबाई कुणीही नवं माणूस भेटलं की मला पुढे करतात आणि सांगतात, यांनी खारीचं आईविना पिल्लू हातावर जगवलं. ते पिल्लू आता मोठं होऊन समोरच्या पेरूवर पळत असतं, त्यामुळे पुरावाही हजर असतो. माझ्या नवऱ्याने तर एकदा पाहुण्यांसमोर तिखटमीठ लावून ही कथा सांगितली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आदळत बसले. खरी हकीकत त्यालाही माहीत नाही.

ती सांगायची तर आधी सासूबाईंच्या वातींबद्दल सांगायला हवं.

आम्ही मलकपेठेत वरच्या मजल्यावर राहतो. सासरची माणसं मूळची मराठवाड्यातली, शेतकरी. सासरे नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. सासूबाई नव्याने आल्या तेव्हा त्यांना तेलुगूचा एक शब्द कळत नव्हता, पण शेजारणीच्या सासूकडून त्यांनी एक रीत मात्र उचलली. वर्षातल्या प्रत्येक दिवसाची एक अशा वाती वळायच्या आणि कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरीला, त्या सगळ्या तुपात भिजवून तुळशीपुढे एकदम लावायच्या. वर्षभरात ज्या ज्या दिवशी देवापुढे दिवा लावायचा राहून गेला असेल, त्या सगळ्या दिवसांची त्यात भरपाई होते.

पूर्वी त्यांचे दिवस क्वचितच राहायचे. अलीकडे सगळेच राहतात. काचबिंदूने नजर गेली, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. एकदा दिवा लावताना पदर जळाला, तेव्हा मी काडेपेटी त्यांच्या हातून काढून वरच्या फळीवर ठेवली. मी चुकले असं अजूनही वाटत नाही. पण तेव्हापासून वर्षात एकच काडी त्यांच्या वाट्याला येते, त्रिपुरीची. मी मागे उभी राहते आणि त्या ओढतात. त्या एका काडीसाठी त्या वर्षभर गॅलरीत बसून बोटांना राख लावून वाती वळतात. डोळ्यांचं काम बोटांनी इतकं उचललंय की एक वात दुसरीहून जाड नाही.

दिवाळी संपली की त्या वाती सुपात पसरून गॅलरीत उन्हाला ठेवायच्या, कापूस सर्द राहू नये म्हणून. मागच्या वर्षी त्या कमी व्हायला लागल्या. सासूबाई सुपावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ढीग बसलाय गं. कुणी घेतल्या का?" मी आधी वाऱ्यावर ढकललं, मग गॅलरीचं दार उघडं टाकतो म्हणून नवऱ्यावर. एका दुपारी कपडे वाळत घालायला गेले तर सुपात खार बसलेली. तोंडात एवढा कापूस की तिला पांढऱ्या मिशा फुटल्यासारखं दिसत होतं. माझ्याकडे तिने बघितलं आणि आणखी एक वात उचलली.

मला राग लवकर येतो, आणि आला की मी तो वाया जाऊ देत नाही. पहिल्या दिवशी चप्पल फेकली, ती खाली शेजारणीच्या अंगणात पडली. दुसऱ्या दिवशी मुलाची जुनी बॅडमिंटनची रॅकेट घेऊन मी दारामागे दबा धरून बसले. पन्नाशी उलटलेली, आबिड्सच्या ऑफिसात चार माणसं जिला मॅडम म्हणतात अशी बाई, रजा टाकून खारीची शिकार करत होती. खार दोन वेळा माझ्या डोक्यावरून गेली. रॅकेट कुंडीवर बसली आणि कुंडी फुटली. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं काय करायलीस? कार्तिक आहे, जीव नको दुखवू बाई कुणाचा!"

वाती आत उचलून ठेवता आल्या असत्या. हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं, आणि खारीपुढे हार का मानायची म्हणून मी ते मनातून काढून टाकलं. आता विचार केला की सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटते. पण तेव्हा माझ्या डोक्यात शिकारच भरलेली होती.

कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून उंदराचा पिंजरा मागून आणला. जीव दुखवायचा नव्हताच, नुसती पकडायची आणि लांब सोडायची. हा मधला मार्ग काढल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते. आकड्याला सीताफळाची फोड लावली आणि दुपारी सासूबाई गॅलरीजवळच्या पलंगावर आडव्या झाल्यावर पिंजरा सुपाशेजारी ठेवला. फार वेळ लागला नाही. खटकन दार पडलं. मी धावत गेले. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. खार पिंजऱ्यात गरगर फिरत होती आणि जाळीवर नाक घासून घेत होती. मी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला, कापडी पिशवीत घातला आणि हळूच जिना उतरले.

माहेरी मांजर सोडायचं तर नदीपार सोडायचे. नदी ओलांडली की ते घरची वाट विसरतं म्हणायचे. खारीलाही तेच लागू असणार असं धरून मी रिक्षा केली, चादरघाटच्या पुलावरून मुसी ओलांडली आणि अफझलगंजला ग्रंथालयाच्या आवारातल्या झाडांखाली पिंजरा उघडला. ती लगेच पळाली नाही. जरा वेळ पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबली, आणि पुलाच्या बाजूला तोंड करून चिरकत राहिली. "जा, जा, मजा कर," मी म्हटलं. येताना सासूबाईंसाठी शेवंतीची वेणी घेतली. आल्यावर त्या उठून बसलेल्या होत्या. कुठे गेले होते असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी वेणी हुंगली आणि उशाशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्या म्हणाल्या, "ते काय वाजायलंय गं, चीं चीं?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं. गॅलरीतूनच येत होतं, अगदी बारीक, मध्येच थांबणारं. "खालच्यांच्या मशीनचा पट्टा वाजतोय," मी म्हणाले. ज्याला दिसत नाही त्या माणसाशी खोटं बोलणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं. चेहरासुद्धा सांभाळावा लागत नाही.

त्या पूजेला बसल्यावर मी गॅलरीत गेले. उन्हाळा संपला की आमचा कुलर तिथेच जुनी चादर घालून ठेवलेला असतो. चादर वर केली. कुलरच्या गवती जाळीला आतून भोक पाडून तिने घर केलं होतं. गवत, सुतळी, माझ्या ओढणीचा एक तुकडा, आणि सगळ्याच्या आत सासूबाईंच्या वाती. विस्कटून, मऊ करून, गादीसारख्या अंथरलेल्या. त्यावर तीन पिल्लं. डोळे मिटलेले, पाठीवर पट्टे नुकते उमटायला लागलेले. माझ्या बोटाची ऊब लागताच तिघांनी तोंडं उघडली.

मी पिंजरा घेतला आणि पुन्हा शिकारीला निघाले.

ग्रंथालयाच्या आवारात जिकडे बघावं तिकडे खारी होत्या. भिंतीवर, फांद्यांवर, वडाच्या बुंध्यावर. मी सीताफळाची फोड लावून पिंजरा ठेवायचे, लांब जाऊन उभी राहायचे आणि प्रत्येकीकडे निरखून बघायचे, जणू ती मला ओळख देणार होती. रॅकेट घेऊन जिच्यामागे इतके दिवस धावले, तिचा चेहरा मला आठवत नव्हता. झाडांना पाणी घालणारा माळी बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी जवळ आला.

"क्या ढूंढरे अम्मा?"

"गिलेरी," मी म्हटलं. "कल यहाँच छोडी थी. उसके बच्चे घर में हैं."

त्याने झाडांकडे पाहिलं, मग माझ्या पिंजऱ्याकडे. तो हसला असता तर बरं झालं असतं. "सब गिलेरियाँच हैं अम्मा," तो म्हणाला. "अब कौनसी पकडेंगे?" आणि पाईप घेऊन दुसऱ्या झाडाकडे गेला. मी दुपार होईपर्यंत तिथे उभी होते. मग रिकामा पिंजरा मांडीवर घेऊन पुलावरून परत आले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "आत्याबाई, कुलरमध्ये खारीची पिल्लं सापडलीत. आईला मांजराने नेलं वाटतं." त्यांनी मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "दूध कोमट कर. पाणी घाल त्यात. अन् माझ्या वाती आण."

मी म्हटलं, कापूस आहे घरात, वाती कशाला. तर म्हणाल्या, कापसाचा बोळा तोंडात अडकतो, घट्ट वळलेली वातच पाहिजे. मग त्या पलंगावर पाय पसरून बसल्या, पिल्लू तळहातावर घेतलं आणि वातीचं टोक दुधात बुडवून त्याच्या ओठांवर टेकवलं. दिसत नसूनही त्यांचं एकदाही चुकलं नाही. पिल्लू वात चोखायला लागलं. दर खेपेला नवी वात, कारण जुनी आंबते. वापरलेली वात धुवून ठेवू का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "उष्टी वात देवाला लावत नसतात." आणि ती टाकून दिली.

खारीने नेल्या असत्या त्याच्या कितीतरी पट वाती अशा गेल्या. मी समोर बसून ढीग उतरताना बघत होते. वळायला दिवस थोडे उरले होते आणि त्यांचे हात पिल्लांत गुंतलेले. एक पिल्लू पहिल्याच रात्री गेलं. दुसरं दोन दिवस झगडलं. त्यांनी ते मरून गार झाल्यावरही बराच वेळ हातातून खाली ठेवलं नाही. त्याला पेरूखाली पुरताना शेजारीणबाईंनी पाहिलं, चौकशी केली, आणि तिथूनच माझं कौतुक सुरू झालं. गल्लीभर बातमी गेली की बाई ऑफिसला रजा टाकून पिल्लांना दूध पाजतेय. मी रजा कशासाठी टाकली होती ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्रिपुरीच्या संध्याकाळी आम्ही खाली अंगणात उतरलो. शेजारीणबाईंच्या वर्षभराच्या वाती परातीत धडधडून पेटल्या होत्या. आमच्या वातींना एक पणती पुरली. तिसरं पिल्लू वर खोक्यात झोपलं होतं. शेजारीणबाई सासूबाईंचा हात धरून म्हणाल्या, "आपकी बहू को बहुत पुण्य लगेगा अम्मा. बिन माँ के बच्चे को जिला दी." सासूबाई नुसतं "हूं" म्हणाल्या. शेजारीणबाई प्रसाद आणायला आत गेल्या.

मी काडेपेटी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती धरली आणि तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगता येणार नाही. म्हटलं, "आत्याबाई, त्या खारीला मांजराने नाही—"

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पिंजऱ्याचं दार पडलं तवा मी जागीच होते. माझे डोळे उघडे काय अन् मिटलेले काय, तुला काय कळतंय."

मला त्याही वेळी राग आला. "मग बोलला का नाहीत? मी तिथल्या तिथे सोडली असती!"

"म्हणूनच नाही बोलले. सोडली असतीस, अन् वाती गेल्या असत्या." त्या काडेपेटी बोटांनी चाचपत होत्या. "कापूस न्यायलीय म्हणजे घर करायलीय. पिल्लं तुझ्या ध्यानात नव्हती आली. माझ्या आली होती. पाच बाळंतपणं केलेली बाई मी. डोळे मिटून पडले, अन् तू जिना उतरलीस तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, गेली ब्याद."

त्यांनी काडेपेटी माझ्या मांडीवर ठेवली. "माझ्या हातानं नको. तूच लाव."

मी काडी काढली आणि परत आत ठेवली. मी ती त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी हात पदराखाली घेतला. आम्ही दोघी तुळशीपुढे तशाच बसून राहिलो. तेवढ्यात शेजारीणबाई प्रसाद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, अजून लावल्या नाहीत? वाट न बघता त्यांनी आपल्या परातीतली एक जळती वात तुळशीच्या वाळक्या काडीवर उचलली आणि आमच्या पणतीला लावून दिली. मग मागे वळून आपल्या सुनेला पुन्हा सांगायला लागल्या, मी पिल्लू कसं वाचवलं ते. सासूबाईंनी मान खाली घातलेली होती. मी पणतीकडे बघत होते.