मला धरू नका, वहिनी

सरकारी मदतीला कोण पात्र आणि कोण अपात्र, हे या जगात फक्त दोघांना कळतं, असं माझ्या नवऱ्याच्या मावसभावाचं ठाम मत आहे. एक सरकार आणि दुसरे ते स्वतः. त्यातही सरकारच्या चुका होतात.

मी त्यांना भावजी म्हणते. आमच्याआधी कितीतरी वर्षं ते दोह्यात आले. इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीत एसी मेकॅनिक आहेत आणि बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतल्या एका खोलीत चौघांत राहतात. पन्नाशी उलटली, लग्न राहून गेलं. गाव संगमेश्वरच्या बाजूला, घरात फक्त मोठी विधवा बहीण, अक्का. दर शुक्रवारी सकाळी त्यांचा फोन येतो, "वहिनी, येतोय मी. पण जेवायला मला धरू नका." मी माणसं मोजून कणीक भिजवणारी बाई आहे. शुक्रवारी कोण जेवणार याची यादी माझ्या फ्रीजवर लावलेली असते, कारण आठवड्याची कामं त्या एका दिवसात उरकायची तर यादीशिवाय गत्यंतर नाही. आता जो माणूस दोन बसगाड्या बदलून ऐन बारा वाजता मदिनत खलीफात आमच्या घरी येतो, तो जेवल्याशिवाय जाणार आहे का? पण नाही. "धरू नका म्हणजे मुद्दाम करू नका. आग्रह केलात तर बघू," असं त्यांचं स्पष्टीकरण. मग आग्रह करायचा, मग त्यांनी पाच पोळ्या खायच्या, मग मी माझ्यासाठी ब्रेड भाजायचा. असा माझा शुक्रवार जातो.

जेवण झालं की भावजी पाय वर घेऊन सोफ्यावर बसतात आणि पात्रता काढायला लागतात. कुणाची, हा प्रश्न गौण आहे. गावाच्या ग्रुपवर कोणतीही योजना आली, की तिच्या अटी ते दोनदा मोठ्याने वाचतात आणि मग समोर असेल त्याला त्या अटींतून गाळतात. नाशिकला माझी आई आहे. तिने कशासाठीही अर्ज केलेला नाही. तरीही एकदा त्यांनी तिच्या खोल्या किती, पंखे किती, वडिलांची पेन्शन कुणाच्या नावावर, हे सगळं मला विचारून घेतलं आणि हळहळत सांगितलं, "नाय बसत हो आई." जणू तिने फार आशा धरली होती. त्यांच्या खोलीत बीडकडचा एक ट्रेलर ड्रायव्हर आहे. त्याच्या बायकोला गावी बायकांसाठीची महिन्याची मदत मिळते. भावजींनी जेवता जेवता विचारलं, "ती जुनी चारचाकी गाडी घेतलीस ती कुणाच्या नावावर?" तो भाबडा म्हणाला, "तिच्याच. तिच्या नावाला यश आहे." भावजी म्हणाले, "मग ती अपात्र." त्यावर ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, तुमचा पगार कंपनी देती का सरकार?" पुढे बरेच दिवस त्याने गावाकडून आलेली शेंगदाण्याची चटणी यांना दिली नाही. हे मला भावजींनीच सांगितलं, आणि वर म्हणाले, "चटणीसाठी मी नियम बदलू काय?"

इथल्या लोकांनाही ते सोडत नाहीत. कतारी नागरिकांना सरकारकडून तांदूळ, साखर, तेल स्वस्तात मिळतं, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं. झालं. एका म्हाताऱ्या कतारी गृहस्थाकडे ते एसी साफ करायला गेले होते. शिडीवरूनच त्यांनी आपल्या तोडक्यामोडक्या अरबीत विचारलं, की बाबा, तुम्हीपण रेशन घेता का? बाबा हो म्हणाले. भावजींनी शिडीवरून खिडकीबाहेर पाहिलं. दारात तीन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. त्यांचा चेहराच बोलला असणार. म्हातारबाबांनी त्यांना खाली बोलावलं, चहा पाजला आणि जाताना तांदळाची एक पिशवी हातात दिली. ती पिशवी भावजींनी माझ्याकडे आणून ठेवली. "तुम्ही वापरा. मी त्या रेशनला पात्र नाय."

हे सगळं मी सहन करत होते, कारण यात कुणाचं काही अडत नव्हतं. अक्कांचं अडायला लागलं तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

अक्कांनी विधवांना मिळणाऱ्या निराधार अनुदानासाठी अर्ज करायचं ठरवलं होतं. कारण साधं होतं. गॅस, तेल, औषधं, सगळंच महागलं आहे. शिवाय भावजींच्या कंपनीने ओव्हरटाइम बंद केला होता. अक्का मला फोनवर म्हणाल्या, "अगो, तो मला पाठवत राहतो नि स्वतःला काय ठेवत नाय. उद्या कंपनीने घरी धाडलंन तर खाईल काय? माझं मला सरकारकडून येऊ दे. त्याला म्हणावं, तू साठव." मला हे पटलं. मी वहीत मुद्दे लिहिले आणि तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या माणसाने फार नीट सांगितलं, की रेशनकार्डावर जेवढी माणसं, तेवढ्यांचं उत्पन्न कुटुंबात धरतात. कार्डावर दोनच नावं होती, अक्का आणि भावजी. भावजींचा इथला पगार धरला की अक्का अपात्र. नाव कमी केलं की पात्र.

यात अवघड काय आहे? एक अर्ज, एक सही. मी भावजींना म्हटलं, "नाव कमी करा."

"बघू," ते म्हणाले. पुढच्या शुक्रवारी म्हणाले की तहसीलदार रजेवर आहे. त्यापुढच्या शुक्रवारी नेट नव्हतं. मग म्हणाले, नियमात बसतं का ते बघायला हवं. तेव्हा मी पोळपाट बाजूला ठेवला. "भावजी, जो माणूस गावात राहत नाही त्याचं नाव तिथल्या रेशनकार्डावर असावं का? नियम काय सांगतो?" हाच नियम लावून त्यांनी गावी शेजारच्या घरातल्या, ठाण्याला राहणाऱ्या मुलाला मागच्याच महिन्यात अपात्र केलं होतं. भावजींनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "निराधार लिहितात वहिनी त्या कागदावर. मी हाय ना अजून. मी असताना ती निराधार कशी?"

मी पोळपाट परत पुढे ओढला. माझा नवरा पेपरामागून म्हणाला, "जाऊ दे गं." त्याचं सगळ्यालाच हे उत्तर असतं.

आणि मग तो मेसेज आला. रेशन दुकानदाराने गावाच्या ग्रुपवर टाकलं, की कार्डावरच्या प्रत्येकाने दुकानातल्या मशीनवर बोट लावून ओळख पटवायची, नाहीतर नाव आपोआप निघेल. मी म्हटलं, सुटलो. यांनी काहीच करायचं नाही, नुसतं इथे बसून राहायचं, की नाव जाईल आणि अक्कांचं काम होईल. एवढा सोपा उपाय मी आयुष्यात पाहिला नव्हता.

भावजींनी रजा टाकली आणि तिकीट काढलं. बोट लावायला.

आधी त्यांनी माझ्या सोफ्यावरून मोबाईलला चेहरा दाखवून पाहिला होता, पण त्या ॲपला माणूस महाराष्ट्रातच हवा होता. म्हणून हा खटाटोप. त्यात आणखी एक अडचण होती. वर्षानुवर्षं एसीचे पत्रे आणि जाळ्या घासून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पार पुसल्या आहेत. कंपनीत हजेरीचं मशीनसुद्धा त्यांना ओळखत नाही, फोरमनने वेगळं कार्ड करून दिलं आहे. तर जायच्या आधी भावजींनी अंगठ्याची जोपासना सुरू केली. रोज कोमट पाण्यात बुडवायचा, खोबरेल तेल चोळायचं, वर सुती हातमोजा. माझं हातांना लावायचं महागडं क्रीम त्या एका अंगठ्यावर संपलं. ते चहाचा कप चार बोटांनी धरायचे. कांदा चिरायला सांगितला तर म्हणायचे, "आता नको वहिनी, अंगठा उगवतोय." त्यांना विमानतळावर सोडायला गेलो, तर तिथेही त्यांनी बॅग डाव्या हातात धरली आणि उजवा हात नव्या नवरीसारखा जपून पुढे धरला. मी नवऱ्याला म्हटलं, "बहिणीचं अनुदान बुडवायला माणूस पदरचं तिकीट काढून जातो, हे मी पहिल्यांदा बघते आहे." यावरही तो म्हणाला, "जाऊ दे गं."

रजा संपवून दोह्यात परतल्यावर भावजी आले ते गुरुवारी, कामावरून सुटल्यावर थेट आमच्याकडे. हातात अक्कांनी दिलेली कोकमं आणि कुळीथ पिठी. मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, क्रमाने सांगा.

क्रमाने असं झालं होतं. दुकानात मशीनने उजवा अंगठा नाकारला. डावाही नाकारला. मागे रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे सल्ला होता. कुणी म्हणालं बोट कपाळाला पुसा, कुणी म्हणालं जोरात दाबा, एक म्हातारी म्हणाली, "मेल्या, तिकडे एवढा काय घासत होतास?" शेवटी एकेक बोट लावता लावता डाव्या करंगळीला मशीनने ओळखलं. जिला कधी तेल लागलं नाही की क्रीम लागलं नाही, ती करंगळी. दुकानदाराने नाव वाचून दाखवलं, ओळख पटली म्हणून सांगितलं.

"म्हणजे नाव राहिलं," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा. "आता अक्कांचं काय?"

"दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो नि नाव कमी करायचा अर्ज दिला."

"मग आधी बोट लावायला कशाला गेलात?"

"बोट लागलं नाय म्हणून नाव गेलं, असं नको होतं मला," ते म्हणाले. "ओळख पटली. मग मी निघालो. असं हवं होतं."

यादीत बसेल असं हे कारण नव्हतं. मी पिठीचा डबा उघडून पाहिला, परत बंद केला. ते पुढे सांगत होते. नाव कमी झाल्याचा कागद हातात आल्यावर ते अक्कांना घेऊन तलाठ्याकडे गेले. त्याने अर्ज भरायला घेतला आणि मान वर न करता विचारलं, यांना सांभाळणारं कुणी आहे का? अक्का भावजींकडे बघत राहिल्या. तलाठ्याने पुन्हा विचारलं.

"मग मीच म्हटलं, नाय. कुणी नाय."

"आणि अक्का?"

"घरी येऊन घावणे केलेन. चांगले झाले होते." भावजींनी उजवा अंगठा डाव्या हाताने चोळला, सवयीने. मग नेहमीच्या सुरात म्हणाले, "नियमाने बसते आता ती. सगळ्या अटीत बसते. मी बघितलं."

त्या संध्याकाळी त्यांनी कुणाचीही पात्रता काढली नाही. बस चुकेल म्हणून लवकर उठले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी सकाळी फ्रीजसमोर उभी राहून यादी करत होते तेव्हा फोन वाजला. मी नेहमीच्या वाक्याची वाट बघत पेन हातात धरून उभी राहिले. पलीकडे भावजींच्या मागे खोलीत कुणीतरी हिंदीत बादली मागत होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "आज मला धरा."