चहाबरोबर घेतलेली रक्तवाढीची गोळी

जुन्नर-आंबेगावच्या बायांनो, आपल्याला धाप लागली की ‘नाटकं करती’ एवढंच ऐकावं लागतं ना?

आज सकाळी येडगावला कांदे लावताना माझी गरोदर धाकटी जाऊ बांधावरच बसली. ओठ पांढरेफटक पडलेले. सासूबाई म्हणाल्या, “आमी न्हाई का पोरं काढली? ऊठ!”

मी तिला तशीच गाडीवर घालून जुन्नरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, “रक्तातल्या तांबड्या पेशी अंगभर, अगदी बाळापर्यंत ऑक्सिजन पोचवतात. हिच्यात त्याच कमी आहेत. बाळंतपणात जीवावर बेतेल. रक्तवाढीच्या गोळ्या घेत नाही का?”

“रोज घेते की. चहासंगं. पाण्यानं लई मळमळतं,” जाऊ म्हणाली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. चहा त्या गोळीतलं लोह अंगाला नीट लागूच देत नाही; लिंबूपाण्यानं मात्र ते चांगलं लागतं!

घरी आल्यावर सासूबाईंनी गोळी आणि चहा दोन्ही पुढं केलं. मी कप मागं सारला.

“आता चहा बी न्हाई व्हय?”

“आई, नातवंड पाहिजे ना?”

त्या पुटपुटत उठल्या आणि लिंबू कापायला बसल्या.

मला मात्र चैन पडत नाही. अशा आणखी किती जणी असतील? आजच शेजारच्या गरोदर पोरीला विचारा: गोळी कशाबरोबर घेतेस गं?