गाऱ्हाण्यालाही विम्यात जागा देणारे दत्तारामबाब

दत्तारामबाबांची आणि माझी पहिली ओळख झाली, तेव्हा मी त्यांच्याशी खोटे बोलले होते. गौरवाच्या पुस्तकात सुरुवातीलाच असे लिहू नये, असे माझी नात गौतमी म्हणते. पण खरे काय ते लिहायचे, हे मला त्यांनीच शिकवले. आता त्यांच्याच पुस्तकात लपवाछपवी कशी करू?

पस्तीस-चाळीस वर्षे झाली असतील. माझे यजमान डिचोलीकडच्या खाणीवर ट्रक चालवायचे. एका रविवारी दत्तारामबाब स्कूटरवरून आमच्या पेडण्याच्या घरी आले, खांद्याला चामड्याची बॅग. विमावाले आले म्हणजे मरणाची गोष्ट काढणार, असे मी ऐकून होते. म्हणून दारातच सांगितले, घरात नाहीत. तेवढ्यात मागच्या पडवीतून ह्यांच्या दोन शिंका ऐकू आल्या, शेजारचा कुत्रा भुंकावा अशा. दत्तारामबाबांनी चेहऱ्यावर काही दाखवले नाही. पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "वयनी, ते इले की सांगा, मी पुढल्या आयतारा येतंय. आणि त्यांका हळदीचा दूद दिया."

पुढल्या रविवारी ते आले, आणि ह्यांनी निमूटपणे विमा उतरवला. करणार काय, शिंकांनी घात केला होता.

हे गेले तेव्हा दत्तारामबाब कागद घेऊन आले. मी चौथीपर्यंत शिकलेली, सही करता येते, इंग्रजी येत नाही. मी म्हटले, कुठे करू दाखवा, करते. त्यांनी पेन दिले नाही. एक एक कागद वाचून, त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगून, मग पेन दिले. त्या दिवशी माझे डोके ठिकाणावर नव्हते, निम्मे कळलेही नसेल. तरी त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. कशावर सही करतो ते माणसाला कळायला हवे, हा त्यांचा नेम. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी सांगतात की लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा ते आधी बारीक अक्षरे वाचतात.

आता गौतमीच्या खेळांकडे वळते, कारण दत्तारामबाब खरे कोण आहेत, ते मला ह्या म्हातारपणी त्या खेळांमुळे कळले.

माझी ही नात पटावरच्या खेळांचे मेळे भरवते. आमच्या वेळच्या सोंगट्या आणि कवड्या नव्हेत. मोठमोठे पुठ्ठ्याचे पट, पत्ते, इवली इवली रंगवलेली माणसे, आणि वीस वीस बाजूंचे फासे. चार-पाच माणसे मेजाभोवती बसतात. कोणी राजा होतो, कोणी व्यापारी, कोणी चक्क भूत. दिवसभर बसतात आणि मोबाइलला हात लावत नाहीत. ते बघून मला इतका आनंद झाला की मी पण शिकले. एका खेळात मी दोनदा बंदर जिंकले आहे. गौतमी म्हणते, आजी, तू फार कपटी खेळतेस. असू दे. उभ्या जन्मात मला बंदर कोण देणार होते?

दोन वर्षांमागे, श्रावणातल्या एका रविवारी, गौतमीने डिचोलीला देवळाच्या सभागृहात पहिला मोठा मेळा ठरवला. समितीने सांगितले, आधी विमा दाखवा. कोणाला लागले, सभागृहाचे काही मोडले, तर भरून कोण देणार? गौतमी घाबरली. असल्या खेळांचा विमा कोण उतरवणार? मी म्हटले, मला एक माणूस माहीत आहे. आमच्या शिंका ऐकून गेलेला.

दत्तारामबाब तेव्हा त्र्याहत्तरीत होते, तरी फॉर्म भरण्याआधी स्वतः सभागृह बघायला आले. चपला दाराशी काढल्या आणि सगळ्या जमिनीवरून अनवाणी फिरले. कुठली लादी हलते, कुठे पाय घसरतो, ते म्हणे तळव्याला डोळ्यांआधी कळते. प्रत्येक कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून बघितले. तीन कदेले डुगडुगत होती, ती बाजूला काढायला लावली. चहाचा टोप मेजांपासून लांब ठेवा म्हणाले. फासे लहान मुलांच्या हाती देऊ नका, तोंडात घालतील, हेही सांगितले. मग म्हणाले, ज्याचा विमा उतरवायचा तो खेळ मला माहीत हवा, आणि खेळायला बसले. आम्ही चौघे थांबलो, कारण त्यांनी आधी खेळाच्या नियमांचे पुस्तक काढले आणि पॉलिसी वाचावी तसे पहिल्या पानापासून वाचायला घेतले. चहा दोनदा झाला. शेवटी गौतमीची मैत्रीण म्हणाली, आजोबा, खेळता खेळता कळेल हो. ते म्हणाले, बाय, लोक विम्याबद्दलपण असाच म्हणतत. मग खेळले आणि सगळ्यांत आधी हरले. हरल्यावर कोणत्या नियमाने हरलो, तेवढे मात्र बरोबर सांगितले.

फॉर्मवर कार्यक्रम तासाप्रमाणे लिहायचा होता. गौतमीने लिहिले: नऊ वाजता नावनोंदणी, साडेनऊला खेळ, अकराला चहा, असे संध्याकाळपर्यंत. शनिवार दुपारपासूनची मांडामांडही विम्यात होती. सगळे व्यवस्थित होते. आणि सगळ्यांची चूक तिथेच झाली, माझी सगळ्यांत मोठी.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणे घातल्याशिवाय काही सुरू होत नाही, हे तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. पण कार्यक्रमाच्या कागदावर गाऱ्हाणे कोणी लिहीत नाही. सकाळी उठलो की तोंड धुतो, ते कोणी लिहून ठेवतो काय? तसेच ते. त्या रविवारी सकाळी साडेआठला मी गुरवांना बोलावले. त्यांनी उंबरठ्याशी गाऱ्हाणे घातले, पोरींच्या कामाला यश दे म्हणून देवाला सांगितले आणि नारळ फोडला. पाणी आतल्या लादीवर गेले. गौतमी पुसायला फडके घेऊन आली. तिचा हात मी धरला. देवाचे पाणी लगेच पुसू नये, म्हटले, आपोआप सुकेल.

ते सुकले नाही. मुळगावची रेखाबाय आपल्या मुलीला घेऊन जरा लवकर आली. रेखाबाय ब्लाउज शिवते, तिच्या हातचा ब्लाउज घातला की दुसऱ्या शिंप्याकडे जावेसे वाटत नाही. ती दारात चपला काढायला वाकली, पुढचा पाय पाण्यावर पडला आणि ती उजव्या हातावर कोसळली. मनगट मोडले. चतुर्थी तीन आठवड्यांवर, तिच्या घरी शिवायला आलेल्या कापडांचा ढीग, आणि मनगट उजवे.

ती मात्र म्हणत होती, माझीच चूक, माझा तोल गेला. मला कोणी काही बोलले नाही. गौतमीसुद्धा नाही. त्यामुळेच जास्त लागले.

दत्तारामबाबांना निरोप गेला. ते आधी दवाखान्यात गेले, मग आमच्याकडे सभागृहात आले. तोपर्यंत मी सगळे जुळवून ठेवले होते. बाई नऊनंतर पडली असे लिहिले, की कार्यक्रम सुरू झालेला, विमा लागू, रेखाबायला उपचाराचे आणि बुडालेल्या कामाचे मिळतील. आणि नारळाचे नाव नकोच. ती बाहेर पायरीवर पडली असे सांगायचे. गुरवांनासुद्धा मी पढवून ठेवले होते.

दत्तारामबाब माझ्या बाजूच्या कदेलावर बसले. घाई न करता बसून राहिले. मग हळू म्हणाले, "वयनी, खरा काय ता सांगा. रेखाबाय खंय पडली?"

"भायर, पायरेर," मी म्हटले.

"तिच्या साडयेक खोबऱ्याचो तुकडो चिकाटलो हा."

माझे डोळे भरून आले. म्हटले, दत्तारामबाब, पाणी मी पुसू दिले नाही. माझ्या हट्टापायी त्या बाईची चतुर्थी गेली. तुम्ही नऊ वाजले असे लिहा, पाप मी घेते.

ते जे बोलले ते मी जसेच्या तसे लिहिते. "खोटा लिवलंय तर पैसे कदाचित मेळतीत. पण उद्या ह्या चेडवान, गौतमीन, खरा सांगल्यान तरी कोण मानुचो नाय. आणि चूक तुमची एकट्याची नाय, वयनी. मी ह्याच मातयेतलो. गाऱ्हाण्याशिवाय हंय काय सुरू जाता काय? माका इचारूक होया होता. मी इचारलंय नाय."

मग त्यांनी बॅगेतून कागद काढला आणि तिथेच बसून कंपनीला पत्र लिहिले. नऊच्या आधी, उंबरठ्याच्या आत, नारळाच्या पाण्यावर, असे सगळे. पुढे स्वतःची चूक लिहिली. आणि त्यापुढे लिहिले की पॉलिसीत तयारीचा वेळ धरलेला आहे, आणि आमच्या भागात गाऱ्हाणे ही तयारीच असते, जशी मेजे मांडणे. ते केल्याशिवाय इथे कोणताही मेळा उघडत नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले. मी म्हटले, मला कशाला? म्हणाले, तुमची गोष्ट आहे, तुम्हाला कळायला हवी.

कंपनीकडून चौकशीला एक साहेब आले, बाहेरगावचे, तरुण. त्यांनी मला विचारले, आजी, हा विधी नसता तर कार्यक्रम झाला असता का? मी म्हटले, पोरींनी केला असता, पण त्या सभागृहात कोणी पालक आपले मूल घेऊन आत आला नसता. साहेबांनी लिहून घेतले. फडक्याचे मी आपणहून सांगितले. त्यांनी तेही लिहून घेतले. दत्तारामबाब खिडकीकडे बघत उभे होते.

निकाल यायला वेळ लागणार होता आणि चतुर्थी थांबणार नव्हती. रेखाबायच्या गिऱ्हाइकांनी कापडे परत न्यायला सुरुवात केली. एकदा गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे जाते आणि तिकडेच राहते, हे शिवणारी बाई रडत सांगते तेव्हा कळते. मग दत्तारामबाबांनी काय केले, ते त्यांनी कोणाला सांगितलेले नाही, म्हणून मी सांगते. रेखाबायकडून नावे घेतली आणि स्कूटर काढून ते मुळगाव, डिचोली असे घरोघर फिरले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, पावसात, बायकांच्या दारात उभा राहून सांगतो आहे की बाय, तुझो ब्लाउज दिवाळयेक मेळतलो, कापड मात्र परत नेव नको. काहीजणी हसल्या. एकीने विचारले, आता ब्लाउजांचा पण विमा काढता काय? ते म्हणाले, नाय गो, हो बिनहप्त्याचो. बहुतेकींनी कापडे ठेवली. दोघींनी जुने ब्लाउज घालून चतुर्थी केली आणि ते गावभर सांगितलेसुद्धा.

सुमतीवहिनी ह्या काळात दर दोन दिवसांनी रेखाबायकडे पेज आणि भाजी पाठवत होत्या. मीही जात होते. डाव्या हाताने काज कसे करायचे ते आम्ही दोघींनी मिळून शिकायचा प्रयत्न केला. जमले नाही. हसलो मात्र खूप.

दसऱ्याच्या आधी कंपनीचे पत्र आले. दत्तारामबाबांनी ते रेखाबायच्या पडवीत बसून वाचले, अर्थातच पहिल्या ओळीपासून. आम्हाला शेवट ऐकायची घाई, आणि हे वरचा पत्ता वाचताहेत. गौतमीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मग ती ओळ आली. कंपनीने गाऱ्हाणे तयारीत धरले होते. रेखाबायचा दावा मंजूर झाला होता. रेखाबाय पदर तोंडाला लावून आत गेली आणि चहा ठेवला, तोही एका हाताने. दत्तारामबाब चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

लोक म्हणतील, विमावाल्याचे कामच ते. पण मी एवढे आयुष्य काढले, मला माहीत आहे. आपली चूक कागदावर आपल्याच हाताने लिहिणारा माणूस सहसा भेटत नाही. आणि दुसऱ्याची चूक समोर असताना त्याच्याकडे न बघता खिडकीकडे बघणारा तर त्याहून कमी भेटतो.

रेखाबायचे मनगट बरे झाले. थंडीत थोडे दुखते, पण मशीन चालते. दिवाळीला सगळ्या ब्लाउजांची कापडे शिवून गेली. गौतमीचे मेळे आता पेडण्यातही भरतात.

दत्तारामबाब, मी तुमच्याहून वर्षभराने मोठी, म्हणून आशीर्वाद द्यायचा माझा हक्क आहे. देवी सातेरी तुम्हाला शंभरी दाखवो, आणि ती खाटेवर पडून नव्हे, हिंडत-फिरत दाखवो. तुमचे डोळे चांगले राहोत, गुडघे कुरकुरले तरी थांबू नयेत. साखर जपा, सुमतीवहिनींचे ऐका, पावसात स्कूटर काढू नका. आमच्यासारख्या माणसांच्या तोंडून खरे निघायला वेळ लागतो. तेवढा वेळ शेजारी बसून राहणारे तुम्ही आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवे आहात.