पट्ट्याला घाबरणारा वनमजूर

सिंदेवाहीच्या आरोग्य तपासणी शिबिरात मी पत्रकं वाटत होतो: ‘ताणाने ॲड्रेनलिन वाढते, रोज चाला!’ दिवसभर जंगल तुडवणाऱ्या एका वनमजुरालाही मी ते दिलं. लाज वाटायला हवी होती मला!

दंडाला पट्टा बांधला की त्याचा रक्तदाब चढायचा. दोनदा चढला होता. तिसऱ्यांदा चढला तर नोकरी जाणार होती.

“वाघ दिसला तर काय करता भाऊ?” मी चिडूनच विचारलं.

“हात जोडतो. ‘तू तुह्या वाटेनं जाय, मी माह्या वाटेनं जातो’ म्हनतो. मंग छाती धडधडत नाई.”

“मग इथंही तेच करा!”

त्यानं डॉक्टरांना हात जोडले आणि शब्दन् शब्द तेच म्हटलं. दाब उतरला. डॉक्टरांनी तंदुरुस्तीच्या दाखल्यावर सही केली.

कागद घेऊन, डॉक्टरांना पाठ न दाखवता, तो एकेक पाऊल मागं सरकत दाराबाहेर गेला.